फ्रेंच सिनेमा कुठून सुरू करू? (भांडवल एवढंच की युपेर ही नटी आवडली आहे)

शिरवा

नमस्कार मंडळी,

इथे इराणी आणि कोरियन सिनेमांवर छान गप्पा रंगतात. फ्रेंचवर कोणी लिहिलं की मात्र दहाव्या प्रतिसादात न्यू वेव्हवरून (१९५९च्या आसपास तिथल्या तरुण दिग्दर्शकांनी आणलेली ती लाट) जुंपते आणि माझ्यासारखी वाचक मुकाट बाहेर पडते. म्हणून हा वेगळा धागा. भांडायचं असेल तर कृपया शेजारच्या धाग्यावर जा.

मी ठाण्याला असते, बँकेत नोकरी, सिनेमाचं शिक्षण शून्य. मैत्रिणीनं बळेबळे 'एल' बघायला लावला, पॉल व्हरहोवनचा, २०१६चा. सुरुवातीलाच त्या बाईवर तिच्याच घरात घुसून हल्ला होतो, आणि पुढच्या काही मिनिटांत ती काय करते? फुटलेल्या कपबशा झाडून भरते, अंघोळ करते आणि फोनवर सुशी मागवते. मी लॅपटॉप थांबवून तो भाग पुन्हा बघितला. रडत नाही, ओरडत नाही, आणि तरी काही झालंच नाही असंही दाखवत नाही. ही कोण बाई म्हणून शोधलं: इझाबेल युपेर. मग हानेकेचा 'द पियानो टीचर' (२००१) बघितला. एका बैठकीत नाही जमला, मध्ये उठून गॅलरीत जाऊन आले.

आता हिचे अजून सिनेमे बघायचे आहेत. माझा भाचा सिनेमाचा कोर्स करतो. तो म्हणतो, मावशी, असं मधूनच उचलायचं नसतं, १९५९पासून क्रमानं ये, आधी त्र्युफो, मग गोदार, मग बाकीचे. गोदारचा एक लावला. त्यातली माणसं सिगारेट ओढत अंथरुणात बोलत राहिली आणि मी झोपले. त्याची काही चूक नसेल, दिवसभर कर्जांच्या फायली बघितल्या होत्या.

युपेरच्या यादीत एक नाव सारखं दिसलं, क्लोद शाब्रोल. दोघांनी मिळून सात सिनेमे केलेत म्हणे. तर विचारायचं हे:

हे सात आधी बघितले तर चालतील का, की न्यू वेव्हची पायरी चढल्याशिवाय काही कळणार नाही? त्यातला पहिला कुठला घेऊ? ती नेहमी अशीच थंड, दगडी बाई असते का? आणि सर्वांत महत्त्वाचं: हॉलमध्ये सासूबाई बरोबर असतात. वय ७४, इंग्रजी सबटायटल्स वाचतात, टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिका एकही चुकवत नाहीत. त्यांच्याबरोबर बसून कुठला बघता येईल?

तिसरी घंटा

शिरवाताई,

भाचा परीक्षेच्या क्रमानं सांगतोय, तुम्हाला परीक्षा द्यायची नाही. एका बाईच्या चेहऱ्यामागे तुम्ही इथवर आलात, हे कारण भरपूर झालं. मी बरीच वर्षं प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना केली. दिग्दर्शकांची घराणी माझ्या कधी लक्षात राहिली नाहीत. नट उभा कुठे राहतो आणि हातांचं काय करतो, तेवढं राहिलं. युपेरपाशी मी त्या वाटेनं आलो.

न्यू वेव्हबद्दल चार ओळी, म्हणजे तो विषय मिटेल. शाब्रोल त्याच टोळीतला. गोदार, त्र्युफो, रोमेर, रिव्हेत यांच्याबरोबर 'काइये द्यु सिनेमा' या मासिकात समीक्षा लिहायचा, रोमेरच्या साथीनं १९५७ साली हिचकॉकवर पुस्तक लिहिलं. १९५८चा त्याचा 'ल बो सेर्ज' न्यू वेव्हचा पहिला सिनेमा म्हणून बऱ्याच ठिकाणी मोजतात. युद्धाच्या काळात लहानपणी ज्या सार्दां नावाच्या खेड्यात राहिला तिथेच तो चित्रित केला, बायकोला वारशात मिळालेल्या पैशांवर. पुढे मित्रमंडळी सिनेमाचं व्याकरण मोडत बसली आणि हा गडी खून, विष, अफरातफर असल्या गोष्टी सांगत सुटला. पन्नासावर सिनेमे केले. प्रत्येकात जेवणाची टेबलं. चित्रीकरणाचं गाव ठरवताना तिथलं जेवण कसं आहे ते आधी बघायचा असं त्याच्याबद्दल सांगतात, आणि सिनेमे बघून विश्वास बसतो. २०१० मध्ये गेला, वय ८०. झालं, एवढ्यावर तुम्हाला पुढचं सगळं कळेल.

आता त्या दोघांकडे. शाब्रोलचे वडील फार्मासिस्ट. घरात औषधांचा धंदा, स्वतःही थोडा काळ तेच शिकत होता. हे डोक्यात ठेवून सिनेमे बघा. 'व्हिओलेत नोझिएर' (१९७८): मुलगी आईबापांना विष घालते. 'मादाम बोव्हारी' (१९९१): नायिका एम्मा फार्मासिस्टच्या दुकानातलं आर्सेनिक खाते. 'मेर्सी पूर ल शोकोला' (२०००): घरच्यांच्या गरम चॉकलेटमध्ये गुंगीचं औषध. तिन्हीकडे युपेर. वाटी, चमचा, पेला तिच्या हातात आला की मी सावरून बसतो.

पण तुम्ही सुरुवात यांतल्या कशानंही करू नका. 'ला सेरेमोनी' (१९९५) घ्या. ब्रिटनीत, सें-मालोच्या आसपास एक श्रीमंत कुटुंब आहे. त्यांना मोठ्या घरासाठी राहती कामवाली हवी. सोफी नावाची बाई मिळते, सांद्रिन बोनेर. कामाला चोख, बोलायला घुमी. लवकरच कळतं की तिला लिहिता-वाचता येत नाही आणि हे लपवण्यात तिचा सगळा दिवस जातो. मालक कचेरीतून फोन करतो, टेबलावरची अमुक फाईल काढून ठेव. घाम आपल्याला फुटतो. डोळे अधू आहेत अशी सबब सांगितली म्हणून तिला तपासायला पाठवतात, तर ती दुकानातला तयार चष्मा विकत घेऊन येते. आणि गावच्या पोस्टात असते झान, म्हणजे आपली युपेर.

इथे तुमच्या 'थंड, दगडी' प्रश्नाचं उत्तर मिळतं. ही झान बडबडी, भोचक, दोन वेण्या घातलेली, लोकांची पत्रं फोडून वाचणारी, खिदळणारी. गप्प दगड आहे तो बोनेर. युपेर तिच्याभोवती चिमणीसारखी टिवटिवत राहते. या दोघी एकट्या असत्या तर काही घडलं नसतं, दोघींची गाठ पडते आणि गाडी उताराला लागते. व्हेनिसच्या महोत्सवात त्या वर्षी उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दोघींना मिळून दिला आणि ते अगदी योग्य झालं, एकीला देताच आला नसता. युपेरला पहिला सेझार, म्हणजे फ्रान्सचा राष्ट्रीय सिनेपुरस्कार, तोही याच भूमिकेला.

कथा रुथ रेंडेलच्या इंग्रजी कादंबरीवरून घेतली आहे. ती आधी वाचू नका. कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात कोणी कोणाला मारलं आणि का, हे सांगून टाकलंय. शाब्रोलनं ते वाक्य काढून टाकलं आणि त्यातला 'का' पुन्हा कुठेच परत आणला नाही. ही माणसं वाईट नाहीत हो. सोफीला खोलीत टीव्ही देतात, गाडी शिकवू म्हणतात. तरी मनात येतं, यांचं काही खरं नाही. शाब्रोल हसत हसत याला 'शेवटचा मार्क्सवादी सिनेमा' म्हणायचा.

मला या जोडीचं जे आवडतं ते इथेच आहे. बाईनं असं का केलं याचं कारण तो पुरवत नाही आणि ती मागे लागून आपली दया मागत नाही. आपल्याकडे, आणि हॉलिवूडमध्येही, गुन्हेगार बाई दाखवली की अर्ध्या तासात तिचं बालपण येतं, पाऊस पडतो, बाप दारू पितो आणि आपण तिला माफ करून मोकळे होतो. 'व्हिओलेत' बघा. १९३३ सालची खरी घटना, पॅरिसमधली. बाप आगगाडीचा इंजिन ड्रायव्हर. बाप मेला, आई वाचली. मुलीनं सांगितलं की बाप माझ्यावर अत्याचार करायचा. कोणी खरं मानलं, कोणी खोटं. अतिवास्तववादी कवींनी तिच्या बाजूनं पुस्तक काढलं. १९३४ मध्ये देहदंड झाला, मग जन्मठेप, मग १९४५ला सुटका, आणि १९६३ मध्ये कोर्टानं तिचे नागरी हक्क परत दिले. एवढा ऐवज हाताशी असून शाब्रोल निकाल देत नाही. चिंचोळं दोन खोल्यांचं घर दाखवतो, भिंतीपलीकडे आईबापांचे आवाज, आणि एक मुलगी, जी घराबाहेर पडल्यावर ओठ रंगवते आणि परत येताना पुसते. युपेर तेव्हा पंचविशीची होती. कान महोत्सवात अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला तोही अमेरिकन नटी जिल क्लेबर्गबरोबर विभागून.

आता तिच्या हातांबद्दल. ती थंड नसते, कामात असते. 'शोकोला'त ती विणत बसते, कप मांडते, पाहुण्यांना वाढते, गोड बोलते. चेहऱ्यावर उत्तम गृहिणी. आणि हात तेवढ्यात काहीतरी करून टाकतात. नाटकात मी असं कोणी केलेलं फारसं बघितलं नाही, कारण शेवटच्या रांगेला दिसत नाही. कॅमेऱ्यालाच दिसतं, आणि शाब्रोलला तो नेमका किती जवळ न्यायचा ते कळतं. तो चेहऱ्यावर धाव घेत नाही. खोलीच्या मापाएवढा लांब राहतो आणि ती कधी वळते याची वाट बघतो.

सासूबाईंसाठी: 'मेर्सी पूर ल शोकोला'. लोझानमधलं देखणं घर, चॉकलेट कंपनीची मालकीण, पियानो वाजवणारा नवरा, जन्मताना मुलांची अदलाबदल झाली होती का असा संशय. मालिकेचा सगळा मसाला, फक्त ढँण् ढँण् संगीत नाही, त्याऐवजी लिस्तचा पियानो. दोघी मिळून बघा. 'रियाँ न व्हा प्ल्यू' (१९९७) पण चालेल, मिशेल सेरो आणि ती असे दोन भुरटे ठग, हॉटेलांत परिषदांना आलेल्या लोकांना गंडवतात. हलका आहे, दोघांनाही सुट्टी मिळाल्यासारखा.

'लिव्हरेस द्यु पुव्हार' (२००६) शेवटचा. सरकारी तेल कंपनीच्या घोटाळ्यावर बेतलेला आणि सुरुवातीलाच पाटी, की साम्य आढळल्यास तो, म्हणतात ना, योगायोग. त्यात युपेर तपास करणारी न्यायाधीश. पहिल्याच प्रसंगात एक बडा अध्यक्ष ऑफिसातून निघतो, अंगाला खाज सुटलेली, कराकरा खाजवतोय, आणि खाली त्याला अटक होते. हा तुम्हाला बँकेत असल्यामुळे जास्त आवडेल असा माझा तर्क.

खडूस

जुंपणार नाही, वचन देतो. पण थोडं थंड पाणी ओततो.

युपेर-शाब्रोलचे सातच्या सात चांगले आहेत असा समज होऊ नये. 'मादाम बोव्हारी' मी अर्ध्यावर तीनदा घड्याळ बघितलं. कादंबरीशी इतका इमानदार, की शाळेत ऐतिहासिक प्रसंग सादर करतात तसं वाटतं. कपडे सुंदर, नॉर्मंडी सुंदर, युपेर हुशार. आणि तिथेच घोळ आहे. एम्मा हुशार नाही, ती कादंबऱ्या वाचून बहकलेली पोर आहे. युपेरच्या डोळ्यांत पहिल्या रीळापासून दिसतं की हिला सगळं कळतंय. त्यातला फार्मासिस्ट मात्र झाँ यानने झकास केलाय, तेवढ्यासाठी बघा.

दुसरं. शाब्रोलची खरी नटी स्तेफान ओद्रां. त्याची दुसरी बायको, १९६४ ते १९८०. १९६८ ते १९७० या तीन वर्षांत 'ले बिश', 'ला फाम एन्फिदेल', 'ल बुशे' असे एकामागून एक केले, कॅमेऱ्यावर झाँ राबिए. 'ल बुशे' तर बघाच. दोर्दोन्य भागातलं त्रेमोला गाव, सुरुवातीला अख्ख्या गावाचं लग्नाचं जेवण, खरे गावकरी पंगतीला. ओद्रां शाळेची बाई, यान खाटीक, दोघांची हळूहळू मैत्री, आणि गावात बायकांचे खून. मुलं सहलीला गेलीत, कड्याखाली डबे उघडून बसलीत आणि एका मुलीच्या पावावर वरून रक्ताचा थेंब पडतो. शाब्रोल काय चीज आहे ते त्या एका थेंबात कळतं. युपेरची गरज नाही.

आणि तिसरी घंटा यांनी एक सांगायचं सोडलं. 'व्हिओलेत'मध्ये युपेरची आई कोण झाली आहे? ओद्रां. जिला विष दिलं जातं आणि जी वाचते, ती. सहायक अभिनेत्रीचा सेझार मिळाला तिला त्यासाठी. तोवर घरातला संसार संपत आला होता. जुन्या नटीला नव्या नटीच्या हातून विष पाजणारा दिग्दर्शक. बायकोनं हे काम घेतलं कसं आणि इतकं छान केलं कसं, याचं मला अजून नवल वाटतं. तेव्हा ताई, क्रम लावायचाच तर ओद्रांपासून लावा. मग युपेर आल्यावर शाब्रोलचं काय बदललं ते दिसेल: ओद्रां समोर असताना तो प्रेमात आहे, युपेर समोर असताना त्याला कुतूहल आहे.

तिसरी घंटा

खडूसराव, शेवटचं वाक्य मान्य. 'बोव्हारी'बद्दल निम्मं मान्य. 'युपेरची गरज नाही' अमान्य, पण शिरवाताईंच्या धाग्यावर भांडण नको.

हातरुमाल

मी रुआँजवळ राहते, 'बोव्हारी'चं चित्रीकरण झालं ते ल्याँ-ला-फोरे गाव इथून गाडीनं जवळ. लाकडी तुळयांची घरं, मध्ये बाजाराची जुनी छपरी. झाँ रेन्वारनंही त्याचा बोव्हारी तिथेच केला होता, १९३०च्या दशकात. रविवारी पर्यटक येतात, आइस्क्रीम खातात, जातात.

पण मला लिहायचंय ते 'युन आफेर द फाम' (१९८८) बद्दल. इतका वेळ कोणी नाव घेतलं नाही, आणि माझ्या मते दोघांचा सर्वांत मोठा सिनेमा तो.

जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स. युपेर म्हणजे मारी, नवरा युद्धकैदी, दोन लहान मुलं, खायला बटाटे. शेजारणीला नको असलेलं मूल पाडायला ती साबणाच्या पाण्यानं मदत करते. मग दुसरी येते, तिसरी येते, पैसे मिळू लागतात. घरात चांगलंचुंगलं येतं. एक खोली ती वेश्येला दिवसा भाड्यानं देते. परत आलेला नवरा तिला नकोसा होतो. स्वतः गायिका व्हायची स्वप्नं बघते, गाण्याची शिकवणी लावते. तुम्ही म्हणाल ही स्त्रीमुक्तीची नायिका, तर तसं अजिबात नाही. ती स्वार्थी आहे, उथळ आहे, मुलाशी कडू वागते, एक बाई तिच्या हातून दगावते. युपेर यातलं काही झाकत नाही. आणि नवरा निनावी चिठ्ठी लिहून तिला पकडून देतो.

मागची खरी बाई मारी-लुईझ जिरो, शेरबुरची. फेब्रुवारी १९४२ मध्ये जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारनं गर्भपात हा राज्याविरुद्धचा गुन्हा ठरवला, जन्मदर वाढवायचा होता. तिच्यावर २७ गर्भपातांचा खटला चालला. त्या सरकारचा प्रमुख पेतां, त्यानं दयेचा अर्ज फेटाळला आणि ३० जुलै १९४३ रोजी पॅरिसमध्ये तिला गिलोटिनखाली मारलं. याच सरकारनं त्याच काळात ज्यू मुलांना गाड्यांत भरून जर्मनांच्या स्वाधीन केलं होतं, हे प्रेक्षक विसरू नये याची शाब्रोल नीट काळजी घेतो. तुरुंगात मारीच्या तोंडी देवाच्या आईला शिवी देणारी प्रार्थना आहे. तिच्यावरून इथे मोठा गदारोळ झाला होता.

माझ्या इथल्या शेजारीण आजी युद्धात लहान होत्या. त्यांच्याशी या सिनेमाबद्दल बोलले तर त्या म्हणाल्या, प्रत्येक गल्लीत अशी एक बाई होती आणि तिचा पत्ता सगळ्यांना माहीत होता. पुढे काही बोलल्या नाहीत, कॉफी ओतत राहिल्या. फ्रान्समध्ये गर्भपात कायदेशीर झाला १९७५ मध्ये, सिमोन वेयच्या कायद्यानं. मार्च २०२४ मध्ये ते स्वातंत्र्य राज्यघटनेत लिहिलं गेलं. त्या रात्री आयफेल टॉवरवर रोषणाई होती, मी टीव्हीवर बघत होते आणि मला सारखा युपेरचा तो शेवटचा, केस कापलेला चेहरा आठवत होता.

सासूबाईंबरोबर बघू नका असं म्हणणार होते. पण त्या वयाच्या बायकांना यातलं आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. तुम्ही ठरवा.

मांडवीकाठ

थोडं अवांतर. २०१९च्या इफ्फीत (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) युपेर गोव्यात आली होती, महोत्सवाचं ५०वं वर्ष, जीवनगौरव तिला दिला. मी डेलिगेट कार्ड गळ्यात घालून दूरच्या खुर्चीत. माझ्या शेजारच्या दोघांना रजनीकांतला बघायचं होतं, तोही त्याच सोहळ्यात होता, त्यामुळे टाळ्या कोणाला जास्त पडल्या ते विचारू नका. बाई दिसायला एवढीशी. पडद्यावर तिच्यामुळे माणसं मरतात हे खरं वाटत नाही.

शिरवा

सगळ्यांचे आभार. बघितला! 'ला सेरेमोनी'. शनिवारी रात्री, सासूबाईंसकट.

शेवट फोडत नाही, एवढंच सांगते की कुटुंब नटूनथटून टीव्हीवर मोझार्टचा ऑपेरा बघायला बसतं त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. आधी सासूबाई भरपूर बोलत होत्या. पोस्टातली बाई पहिल्यांदा दिसली तेव्हाच म्हणाल्या, 'ही घर मोडणार.' मी म्हटलं कशावरून, तर म्हणाल्या, 'किती हसतेय बघ.'

मला ज्यानं अस्वस्थ केलं ती वेगळीच गोष्ट. सुरुवातीला घरची मंडळी जेवताना चर्चा करतात, नव्या बाईला काय म्हणायचं, तिच्याशी कसं वागायचं, स्वयंपाक जमतो का. मुलगी तर फार पुरोगामी, बाईची बाजू घेते. आमच्या सोसायटीच्या गेल्या सभेत अगदी हेच झालं. घरकामाच्या बायकांनी कुठली लिफ्ट वापरायची यावर चर्चा, आणि सगळे इतके समंजस, इतके सभ्य बोलत होते. 'आम्ही तर त्यांना घरच्यासारखंच वागवतो' असं किमान चौघांनी म्हटलं. मी पण मान हलवली होती. त्या सभेला एकही कामवाली बोलावलेली नव्हती. शाब्रोलनं त्या कुटुंबाला दुष्ट दाखवलं असतं तर मी सुटले असते.

आणि तिसरी घंटाकाका, तुम्ही हातांबद्दल लिहिलंत म्हणून मुद्दाम बघत होते. झान त्या घरात पहिल्यांदा येते तेव्हा सगळ्या वस्तूंना हात लावत फिरते. सोफी त्याच वस्तू रोज पुसते, पण तिनं असा हात लावलेला नसतो. एवढं दिसलं मला. बरोबर बघतेय का?

आता पुढचा. सासूबाईंनी चॉकलेटवाला मागितलाय. मी मात्र हातरुमाल यांनी लिहिलेला एकटीनं बघणार आहे, त्या माहेरी नाशिकला जातील तेव्हा. शाब्रोलचे सिनेमे कुठे मिळतात तेही सांगा. 'ला सेरेमोनी' मला मैत्रिणीच्या डिस्कवर मिळाला.

तिसरी घंटा

बरोबर बघताय, अगदी बरोबर. 'शोकोला'त आता गरम पाण्याच्या भांड्यावर लक्ष ठेवा आणि शेवटी सोफ्यावरच्या शॉटला उठू नका, नावं पूर्ण वर जाईपर्यंत बसून राहा. सासूबाई उठल्या तर त्यांनाही बसवा.

मिळण्याचं म्हणाल तर, स्ट्रीमिंगवर यांचे सिनेमे येतात आणि गुपचूप जातात, त्यामुळे दिसला की त्याच आठवड्यात बघायचा. डिस्कवर 'ला सेरेमोनी' क्रायटेरियन या कंपनीनं काढलाय, तुमच्या मैत्रिणीकडचा बहुधा तोच. मुंबईत प्रभात चित्र मंडळाची सदस्य व्हा. आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच सांस्कृतिक केंद्राच्या खेळांवरही नजर ठेवा. आणि सभेचं लिहिलंत ते पुढच्या सभेत बोला.

खडूस

नाशिकला किती दिवस जाणार आहेत सासूबाई? दोन रात्री असतील तर 'ल बुशे'ही बसतो. त्या इथे असताना लावू नका, मटण आणायला तुम्हालाच जावं लागेल.